वही जाळायची राहिली: डॉक्टर डांग थुई चाम यांच्या आठवणीत

पाऊलवाट (२२ जून, सकाळी ७.१०)

आज २२ जून. १९७० साली याच तारखेला मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग ङाई प्रांतात, डुक फोच्या बाजूच्या डोंगरात, एका पायवाटेवर डांग थुई चाम ही डॉक्टर अमेरिकन सैनिकांच्या गोळीनं गेली. वय २७. घरचे तिला थुई म्हणत. मीही इथं तसंच म्हणणार आहे.

गेली तीन वर्षं या तारखेला मी तिची रोजनिशी काढून बसते. यंदा एकटीनं वाचली नाही, अण्णांना वाचून दाखवली. अण्णा म्हणजे माझे वडील. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते, सुभेदार होऊन घरी आले. हल्ली बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. मी इंग्रजीतून वाचायचे आणि तोंडानं मराठी करून सांगायचे. पहिली चार पानं झाल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि एकच विचारलं, "तिच्याकडं मॉर्फिन होतं का गं?"

मी ही रोजनिशी इतकेदा वाचली, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. म्हणून हा धागा.

थोडी ओळख. थुईचा जन्म २६ नोव्हेंबर १९४२ चा, ह्वे शहरातला. वाढली हनोईत. वडील सर्जन, आई औषधशास्त्र शिकवणारी. पाच भावंडांत ही थोरली. १९६६ मध्ये हनोईतून डॉक्टर झाली आणि दक्षिणेच्या आघाडीवर जायला स्वतःहून नाव दिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस निघाली, जंगलातून, डोंगरातून, जवळजवळ तीन महिने चालत. मार्च १९६७ मध्ये क्वांग ङाईत पोचली आणि डुक फोच्या दवाखान्याची जबाबदारी तिच्यावर आली. तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती.

दवाखाना म्हणजे रानात उभ्या केलेल्या झोपड्या आणि जमिनीखाली खणलेली भुयारं. अमेरिकन तुकडी जवळ आली की जखमींना उचलायचं, सामान पाठीवर टाकायचं, दुसरीकडं जाऊन पुन्हा मांडायचं. हे एकदा नाही, कित्येकदा. त्या प्रांताची तेव्हाची अवस्था कळायला एक तारीख पुरे: अमेरिकन सैनिकांनी निःशस्त्र गावकऱ्यांना मारलं ते माय लायचं हत्याकांड याच क्वांग ङाईत, १६ मार्च १९६८ ला झालं. थुईच्या हाती उरलेल्या रोजनिशीची पहिली नोंद त्यानंतर तीन आठवड्यांनी, ८ एप्रिल १९६८ ची आहे.

ती नोंद अपेंडिक्सच्या ऑपरेशनची आहे. भूल पुरेशी नव्हती, नोव्होकेनच्या थोड्याशाच कुप्या होत्या. टेबलावरचा जवान ओरडला नाही. उलट तोच हिच्याकडं बघून हसून धीर देत राहिला. अण्णांचा प्रश्न याच पानावर आला.

तुम्ही कुणी वाचली आहे का?

रानवारा (२२ जून, सकाळी ८.०२)

वाचलेली नाही, नावही आज कळलं. लिहीत राहा ताई, वाचतोय.

तालुक्याचा डॉक्टर (२२ जून, दुपारी १.४०)

पाऊलवाट, ओपीडी संपवून बसलोय. त्या पहिल्या नोंदीबद्दल मला सांगायचंय, कारण तिथं नेमकं काय घडलं असेल ते डॉक्टर नसलेल्यांच्या डोळ्यांपुढं येणार नाही.

नोव्होकेन म्हणजे प्रोकेन. जागेपुरती बधिरता आणणारं इंजेक्शन, आणि त्याचा असर फार टिकत नाही, तासाभराच्या आतच उतरू लागतो. कातडी, त्याखालची चरबी, स्नायू, असं थराथरानं टोचत जावं लागतं आणि प्रत्येक थराला औषध लागतं. कुप्या मोजक्याच असल्या की डॉक्टर कातडीलाच जास्त देतो, कारण पहिला काप तिथला. पण खरी कळ पुढं असते. पोटाच्या आतलं आवरण, पेरिटोनियम, उघडलं की पेशंट आक्रसतो. अपेंडिक्स बाहेर काढायला आतड्याचं टोक ओढलं की बेंबीभोवती अशी वेदना उठते की माणूस ओकाऱ्या काढतो, आणि त्या वेदनेला कातडीत टोचलेलं औषध उपयोगाचं नाही. स्नायू सैल नसतात, पोट दगडासारखं घट्ट होतं, जखम हातानं ताणून धरणाऱ्याचे हात भरून येतात. पेशंट हलला तर आपल्या हातातलं शस्त्र हलतं. हे सगळं त्या मुलीनं कंदिलाबिंदिलाच्या उजेडात केलं असेल, बाहेर विमानांचा कानोसा घेत.

मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला, लांबच्या एका गावात, वीज गेलेली असताना बाळंतपणानंतरचे टाके टॉर्चच्या उजेडात घातलेत. तेवढ्यानं माझ्या पाठीला घाम फुटला होता. ती बाई मला म्हणाली होती, "डॉक्टर, घाबरू नका." थुईच्या पेशंटचं हसणं वाचलं आणि त्या बाईचा चेहरा आठवला. पेशंटनं आपल्याला धीर द्यावा यासारखी अवघडून टाकणारी गोष्ट नाही. ते ज्यानं अनुभवलंय तोच असं पहिल्या पानावर लिहील.

ठाम मत (२२ जून, दुपारी ३.१५)

भावना समजल्या. तरी विचारतो, राग मानू नका. ही रोजनिशी व्हिएतनामच्या सरकारनं डोक्यावर घेतलेली आहे. तिथं कम्युनिस्ट पक्षाचीच सत्ता आहे. शत्रूच्या गोळीनं गेलेली तरुण, सुशिक्षित, देशभक्त डॉक्टर, हे प्रचाराला सोन्यासारखं. आपल्याकडं सियाचीनला, काश्मिरात मेडिकल कोअरची पोरं गेली आहेत. त्यांच्यासाठी धागा का नाही?

पाऊलवाट (२२ जून, दुपारी ४.३०)

राग नाही आला, दादा. आपल्या पोरांबद्दल अण्णाच बोलतील, त्यांना सांगितलंय. आज त्यांना बरं वाटत नाहीये, उद्या-परवा लिहिते.

प्रचाराबद्दल मात्र आत्ताच बोलते. या वहीत प्रचाराला अडचणीचं ठरेल असं पुष्कळ आहे आणि म्हणूनच मला ती खरी वाटते. पक्षात घ्यायला तिला लोकांनी खूप ताटकळत ठेवलं. कारण ती शहरातल्या शिकल्यासवरल्या घरची. जीव धोक्यात घालून रात्रंदिवस राबतेय आणि वरचे लोक अजून हिची परीक्षा बघतायत, हे तिला किती लागलंय ते पानापानावर दिसतं. शेवटी २७ सप्टेंबर १९६८ ला प्रवेश मिळाला, पण तोवर आनंदाची धार बोथट झाली होती. हे काही पोस्टरवर छापण्याजोगं नाही.

आणि मग 'एम'. वहीत तिनं एवढंच अक्षर ठेवलंय. सोळाव्या वर्षापासून तिनं जीव लावलेला हा तरुण दक्षिणेत लढायला आधीच गेलेला होता. ही तिथं पोचली, पण त्याच्या मनाचा थांग तिला लागेना. रणांगणावरची डॉक्टर रात्री बसून लिहितेय की आता त्याला विसरलंच पाहिजे, आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच्याबद्दलच लिहितेय. आजूबाजूला माणसं मरत असताना असल्या दुःखाची तिला लाजही वाटते.

गोड करूनही सांगायचं नाही मला. अमेरिकनांबद्दल ती जहाल लिहिते. दरोडेखोर म्हणते, कुत्रे म्हणते, सूड हवा म्हणते. ज्या पोरांना तिनं धाकटे भाऊ मानलं होतं ती एकेक करून जात होती. ज्याच्या जखमेचे टाके काल काढले तो बरा होऊन पुन्हा लढायला गेला आणि आठवड्यात त्याचं प्रेत आलं, असं पुन:पुन्हा. आपल्याकडं मानलेल्या भावाला बहीण भाऊबीजेला ओवाळते. हिनं त्यांना मलमपट्टी केली आणि मूठमाती दिली. तो द्वेष कुठून आला हे कळायला मला पक्षाची पुस्तकं वाचावी लागत नाहीत.

सह्यकडा (२२ जून, संध्याकाळी ७.२०)

माझा धाकटा भाऊ सध्या एका फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय तुकडीत आहे. कुठं ते लिहीत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारात वैद्यकीय माणसांना संरक्षण आहे, त्यांच्यावर गोळी चालवायची नाही, हे पुस्तकात असतं. पायवाटेवर अचानक समोर आलेल्या माणसाच्या पिशवीत काय आहे हे गोळी झाडणाऱ्याला दिसत नाही, हे प्रत्यक्षात असतं. पाऊलवाटताई, तिच्या अंगावर काय सापडलं होतं?

पाऊलवाट (२२ जून, रात्री ९.०५)

सह्यकडा, भावाला सांभाळून राहायला सांग.

तिच्यापाशी एक सोनी रेडिओ होता, तांदळाच्या हिशेबाची वही, जखमांची चित्रं काढलेली टिपणवही, नोव्होकेनच्या बाटल्या, बँडेज. आणि ही रोजनिशी. तिनं एकटीनं शंभरावर अमेरिकनांना रोखून धरलं अशी एक गोष्ट सांगतात. मला त्या गोष्टीची गरज वाटत नाही. वरची यादी मला पुरते.

शेवटचे दिवस असे होते. जून १९७० च्या सुरुवातीला दवाखान्यावर बॉम्ब पडले. चालू शकणारे आणि उचलून नेण्याजोगे होते त्यांना हलवलं. ज्यांना हलवताच येत नव्हतं अशा मोजक्या जखमींजवळ थुई आणि आणखी दोघीजणी मागं थांबल्या. मदत येईल म्हणून वाट बघत राहिल्या, तांदूळ संपत आला. २० जूनच्या शेवटच्या नोंदीत ती म्हणते की मी आता लहान नाही, मोठी झालेय, संकटं बघितलीत, तरी या घडीला आईचा हात हवासा वाटतोय. दोन दिवसांनी ती गेली.

हे अण्णांना वाचून दाखवताना मला पुढं वाचवेना. त्यांनीच माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि मिटून ठेवलं.

तालुक्याचा डॉक्टर (२२ जून, रात्री ९.४०)

तांदळाच्या हिशेबाची वही. डॉक्टर होती आणि कोठारही तीच सांभाळत होती. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरची आठवण झाली.

निळीशाई (२२ जून, रात्री ११.१०)

शीर्षकाचं कळलं नाही. वही जाळायची राहिली म्हणजे? कुणी जाळणार होतं?

मेकाँगकाठी (२३ जून, सकाळी ६.५०)

निळीशाई, मी सांगतो. माझी कंपनी हो ची मिन्ह शहरात आहे, सात वर्षं झाली इथं. इथल्या शाळकरी मुलालाही ही गोष्ट येते.

फ्रेड व्हाइटहर्स्ट नावाचा एक अमेरिकन तरुण डुक फोमध्ये लष्करी गुप्तवार्ता विभागात होता, थुईहूनही लहान. पकडलेली कागदपत्रं चाळायची, कामाची ती ठेवायची, बाकीची जाळायची, हे त्याचं काम. त्याचा दुभाषी न्गुएन चुंग हिएउ दक्षिण व्हिएतनामी सैन्यातला सार्जंट होता. म्हणजे अमेरिकनांच्या बाजूचा, थुईचा शत्रूच. जाळायच्या ढिगाजवळ हिएउनं ही वही वाचली आणि फ्रेडला म्हणाला, ही जाळू नकोस, हिच्यात आधीच आग आहे.

फ्रेडनं ती ठेवून घेतली. पुढं दुसरी वहीही त्याच्याच हाती आली. अशा वस्तू घरी न्यायला बंदी होती, तरी १९७२ मध्ये त्यानं त्या अमेरिकेला नेल्या आणि तीस-पस्तीस वर्षं कपाटात जपल्या. तो एफबीआयच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ झाला, तिथल्या चुकीच्या कामाविरुद्ध बोलला, त्यात नोकरी गेली. वह्या मात्र सांभाळल्या. त्याच्या भावाची, रॉबर्टची, बायको व्हिएतनामी. त्या भावानं वाचता वाचता भाषांतर सुरू केलं आणि तोही थुईत गुंतत गेला.

मार्च २००५ मध्ये दोघे भाऊ वह्या घेऊन टेक्सासमधल्या लबक गावी, तिथल्या विद्यापीठाच्या व्हिएतनामविषयक परिषदेला गेले. तिथं टेड एंगलमन हा छायाचित्रकार भेटला. तोही त्या युद्धातला माजी सैनिक आणि लवकरच हनोईला निघालेला. त्यानं वह्यांची प्रत सीडीवर नेली. हनोईतल्या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथ) संस्थेच्या कचेरीतल्या लोकांनी शोध घेतला आणि एप्रिल अखेरीस थुईची आई सापडली. ऐंशीच्या घरातली. मुलगी जाऊन पस्तीस वर्षं होत आली होती.

त्याच वर्षी पुस्तक इथं छापलं आणि लाखोंनी खपलं. फ्रेड हनोईला आला, थुईच्या कबरीवर गेला, त्या घरचा झाला. ऑक्टोबरमध्ये आई मुलींना घेऊन लबकला गेली. मूळ वह्या आजही तिथल्या संग्रहात आहेत. आईनं त्या पहिल्यांदा हातात घेतल्या त्या तिथं.

उच्चाराबद्दल थोडं: लिहिताना शेवटचा शब्द 'ट्राम'सारखा दिसतो, पण हनोईकडं तो 'चाम' असाच म्हणतात, पाऊलवाट यांनी बरोबर लिहिलंय. डुक फोजवळ फो कुओंगला तिच्या नावाचा दवाखाना आहे. दा नांगहून गाडीनं दिवसात जाऊन येता येतं. आपली माणसं हल्ली दा नांग, होई आनला खूप येतात. ज्यांना वाटेल त्यांनी तो एक दिवस काढावा. मी गेलो तेव्हा बाहेर बाकावर बायका पोरांना मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत होत्या.

निळीशाई (२३ जून, सकाळी ८.३०)

दुभाष्याचं नाव सांगितलंत ते बरं केलंत. ज्यानं मूळ अक्षर वाचलं आणि थांबवलं तो हाच.

चादरगल्ली (२३ जून, सकाळी १०.१५)

सोलापूरकर म्हणून राहवत नाही. आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात गेले. त्या पाचांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांचं नाव आपण घेतच नाही. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. गोळीनं नव्हे, पण ते कष्ट आणि ती उपासमार नसती तर गेले नसते असं आमच्याकडं सगळे म्हणतात. वय ३२.

लहानपणी शाळेतून आम्हाला त्यांचं घर दाखवायला नेलं होतं. गुरुजींनी मोठं भाषण केलं. त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी घरी येऊन आजीला सांगितलं आणि आजीनं विचारलं, "त्यांच्या आईला कधी कळलं रे?"

ठाम मत (२३ जून, दुपारी १२.४५)

सगळं वाचलं. पक्षप्रवेशाचं आणि त्या 'एम'चं मला माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद काढत नाही, तसाच असू दे, पण पुस्तक मागवलंय. पाऊलवाट, वडिलांचं ऐकायची वाट बघतोय.

सह्यकडा (२३ जून, रात्री १०.००)

भावाशी आज बोलणं झालं. त्याला थुईबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "रेडिओ सोनीचा होता? मग चांगला असणार." एवढंच. नंतर आईला फोन दे म्हणाला.

पाऊलवाट (२५ जून, रात्री ९.३०)

अण्णांना आता बरं आहे. आज जेवल्यावर स्वतःच म्हणाले, तुझ्या त्या लोकांना लिही. ते सांगत गेले तसं लिहिते. नावं गाळलीत, त्यांनीच गाळायला सांगितली.

डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध, शकरगढची बाजू. अण्णा तेव्हा २१ वर्षांचे. पुढं आरएपी, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरची जागा. त्यामागं अण्णांचं एडीएस, म्हणजे जखमींवर पुढचे उपचार करायचं ठाणं, तंबूत आणि खंदकात. जखमी आला की बँडेज बघायचं, रक्त थांबवायचं, मॉर्फिन द्यायचं आणि कपाळावर 'एम' लिहून वेळ टाकायची, म्हणजे मागच्या हॉस्पिटलात कुणी चुकून दुसरा डोस लगेच देणार नाही. अण्णा म्हणाले, "तुझ्या डॉक्टरणीकडं मॉर्फिन होतं का ते मी म्हणून विचारलं. आमच्याकडं होतं. ज्याच्याकडं नसंल त्यानं काय करायचं, जखमीच्या तोंडाकडं कसं बघायचं, ते मला आजपण कळत नाही."

त्यांच्याबरोबर संगमेश्वरकडचा एक मुलगा होता. वय २२. तोही नर्सिंग असिस्टंट. त्याच्या खिशात एक छोटी वही असायची. जखमीला मागं पाठवायच्या आधी त्याला जागं ठेवायला हा विचारायचा, "गाव कोणतं?" आणि ते वहीत लिहायचा. पंजाबी असो, डोगरा असो, मराठा असो. अण्णांनी एकदा त्याला दरडावलं होतं की वेळ टाकायची सोडून गावं कसली लिहितोस. तो म्हणाला, गाव सांगताना माणूस थोडा वेळ तिथं जाऊन येतो.

एका रात्री सुरुंगांच्या पट्ट्यातून मोकळ्या केलेल्या वाटेनं तो स्ट्रेचर घेऊन येत होता. तोफेचा गोळा पडला. स्ट्रेचरवरचा वाचला.

त्याचं सामान घरी पाठवायला यादी करायची होती. अण्णा सांगत होते, दुसरा लिहीत होता. शर्ट दोन. स्वेटर एक. दाढीचं सामान. आईचं पत्र तीन. वही एक. अण्णांनी ती वही हातात घेतली, उघडली नाही, सामानात बांधली. "दुसऱ्याचं वाचू नये म्हणून," म्हणाले. परवा मी तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले, त्यात त्या दुभाष्याचं आलं, तेव्हापासून ते गप्प होते. आज म्हणाले, "हिएउनं वाचली. मी वाचली नाही."

त्या घराशी अण्णांचा दोन वर्षं पत्रव्यवहार होता, मग तुटला. वहीचं काय झालं त्यांना माहीत नाही.

मग ते डोळे मिटून बसले आणि त्या रात्रींत त्या मुलाच्या तोंडून ऐकलेली गावं सांगू लागले. कुठलं बरोबर, कुठलं चूक, त्यांनाही खात्री नाही. मी लिहून घेतलीत: खटाव. दसूया. सांबा. लांजा. पठाणकोटच्या अलीकडचं एक, नाव येत नाही. आरा. पुसेसावळी. बटाला. पुन्हा एकदा खटाव, तो दुसरा जवान, त्याचा पाय गेला होता.

साडेनऊ वाजले, त्यांना झोप येतेय. अजून तीन-चार आठवतायत म्हणतात, सकाळी सांगणार आहेत.